उपशामक शुश्रूषा : परिचारिकेला काय ठाऊक हवे?

कर्करोग शरीरभर पसरलेला असतो, किंवा हृदय, मूत्रपिंडे, फुप्फुसे थकलेली असतात. तपासण्या होतात, औषधे होतात, कर्जही होते. मग एके दिवशी नातेवाइकांना सांगितले जाते, "आता काही करता येणार नाही, घरी घेऊन जा." महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रुग्णाला उगाच नळ्या लावून ठेवू नयेत, घरच्यांचा पैसा वाया जाऊ नये, असेच त्याला वाटत असते. तरीही विज्ञानाच्या कसोटीवर हे वाक्य चुकीचे आहे. आजार बरा करण्यासाठी काही करता येणार नाही, हे खरे असू शकेल. पण दुखणे, धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, जखमेची दुर्गंधी, उडालेली झोप आणि मनातली भीती यांसाठी पुष्कळ काही करता येते. या 'पुष्कळ काही'ला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत आपण तिला उपशामक शुश्रूषा म्हणू.

ते वाक्य बोलून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्यानंतर खाटेपाशी उरते ती परिचारिका. रात्री दोन वाजता रुग्ण कण्हू लागला तर नातेवाईक तिलाच हाक मारतात. त्या क्षणी तिला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यावर त्या माणसाची रात्र कशी जाणार हे ठरते. म्हणूनच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना उपशामक शुश्रूषेची कितपत जाण आहे, हा प्रश्न जगभर अभ्यासला जातो. ही जाण म्हणजे नेमके काय, ती मोजतात कशी आणि तिच्यामागचे विज्ञान कोणते, ते या लेखात पाहू.

एकाच रस्त्यावरची दोन गावे

पवनेच्या काठचे रावेत अनेकांना ठाऊक आहे ते तेथील बंधाऱ्यामुळे. पिंपरी-चिंचवड शहराचे पुष्कळसे पाणी येथून उचलले जाते. आज हे गाव महामार्गालगतच्या उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. पिंपरी, चिंचवड, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत काम करणारी कुटुंबे येथे राहतात. घरातली दोन माणसे कामावर जातात, मुले शाळेत जातात. गावाकडे असलेल्या आईवडिलांना मोठा आजार झाला की त्यांना उपचारासाठी येथेच आणले जाते. अशा दोन खोल्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आला की त्याची शुश्रूषा कोणी व कशी करायची, हा प्रश्न उभा राहतो.

रावेतहून बाह्यवळण महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की पुनावळे, ताथवडे, वाकड, बावधन, चांदणी चौक असे करत सुमारे वीस किलोमीटरवर वारजे लागते. तेथे सिप्ला फाउंडेशनचे उपशामक शुश्रूषा व प्रशिक्षण केंद्र १९९७ सालापासून चालू आहे. येथे कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा विनामूल्य होते. रुग्णाबरोबर घरचे माणूस राहू शकते. त्याला तेथे रुग्णाची काळजी कशी घ्यावी हे शिकवले जाते, म्हणजे घरी परतल्यावर तो गोंधळत नाही. डॉक्टर व परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नर्सिंगचे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. तेथे शिकणाऱ्या मुलींसाठी या विषयाची एक जिवंत प्रयोगशाळा एवढ्या जवळ आहे.

नाव कोठून आले?

लॅटिन भाषेत 'पालियम' म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. थंडी हटवता येत नसली तरी कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालता येते, ही कल्पना 'पॅलिएटिव्ह' या शब्दामागे आहे. आपल्या 'शुश्रूषा' शब्दाचा उगम याहून उद्‌बोधक आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूपासून तो बनला. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. रुग्ण काय सांगतो ते नीट ऐकणे हेच या शास्त्राचे पहिले कौशल्य आहे.

या शास्त्राचा आधुनिक पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या. नंतर त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. लंडनमधील सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून काम करताना त्यांनी पाहिले की तेथे मरणासन्न रुग्णांना मॉर्फिन मागण्याची वाट न पाहता नियमित वेळेला तोंडाने देतात आणि हे रुग्ण शांत व सावध असतात. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. 'समग्र वेदना' ही कल्पना त्यांचीच. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घराची व पैशाची चिंता आणि 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्न, या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, असे त्यांनी दाखवून दिले.

भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले. मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली शांती आवेदना सदन स्थापन केले. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. १९९३ साली कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी वेदना व उपशामक शुश्रूषेची संस्था काढली. तिच्यातून केरळात घरोघरी जाणाऱ्या परिचारिका व स्वयंसेवकांचे जाळे तयार झाले. २००८ साली केरळ सरकारने या विषयाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

अफूचा देश, मॉर्फिनचा दुष्काळ

मॉर्फिन अफूपासून मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने ते प्रथम वेगळे केले. मज्जारज्जू व मेंदू यांतील चेतापेशींवर काही ग्राही रेणू असतात. मॉर्फिन त्यांना चिकटते आणि वेदनेचा संदेश पुढे जाणे मंदावते. असे ग्राही शरीरात का असावेत? शरीर स्वतःच त्यांना चिकटणारी द्रव्ये तयार करते म्हणून. १९७५ साली ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी स्कॉटलंडमध्ये अशी द्रव्ये शोधून काढली.

मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही या देशातील रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यातील शिक्षा कडक होत्या आणि राज्याराज्यांचे परवाने किचकट होते. त्या भीतीने रुग्णालयांनी व औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ साली तो सगळ्या देशात मिळून अवघा १८ किलोग्रॅम होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह काही आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम आले.

नियम बदलला तरी दरम्यान डॉक्टरांची व परिचारिकांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरताच शिकून बाहेर पडली होती. जे शिक्षकांनी पाहिले नाही ते विद्यार्थ्यांना दाखवणार कोण? आजच्या अपुऱ्या माहितीचे एक मोठे कारण येथे आहे.

घड्याळाप्रमाणे औषध : एक छोटे गणित

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवर उपचार कसे करावेत याची सोपी सूत्रे दिली. शक्य तोवर औषध तोंडाने द्यावे. ते घड्याळाप्रमाणे द्यावे. वेदनेच्या तीव्रतेनुसार औषध निवडावे. प्रत्येक रुग्णाचा डोस वेगळा ठरवावा. यांतील 'घड्याळाप्रमाणे' हे सूत्र सर्वांत अधिक मोडले जाते. "दुखले की सांगा, मग देऊ," अशी आपली सवय आहे. ती का चुकते, हे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही गणिताने पटवता येते.

मुद्दाम सोपे, केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. एका औषधाचे अर्धायुष्य २ तास आहे, म्हणजे दर २ तासांनी शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होते. दर ४ तासांनी १० एकक औषध दिले. ४ तासांत दोनदा निम्मे होऊन चौथा हिस्सा उरतो. पहिल्या डोसचे २.५ एकक उरले असता दुसरा डोस पडतो, तेव्हा १२.५ होतात. त्यांचे ३.१ उरतात, तिसऱ्या डोसनंतर १३.१ होतात. पुढे ही वाढ थांबत जाते, कारण ही भूमिती श्रेढी आहे आणि तिची बेरीज १० भागिले ३/४, म्हणजे १३.३ एवढीच होते. म्हणजे पातळी ३.३ ते १३.३ यांच्या दरम्यान स्थिर राहते. आता एक डोस चुकला असे समजा. आठ तासांत पातळी १३.३ च्या सोळाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.८ वर येते. वेदना आवरण्यास किमान ३ एकक लागत असतील तर रुग्ण बराच वेळ वेदनेत तळमळणार. शिवाय मागितल्यावर दिलेली गोळी पोटातून रक्तात उतरून काम सुरू करीपर्यंत अर्धा तास जातो.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो, म्हणून ती दर ४ तासांनी देतात. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून झोपताना पुष्कळदा दुप्पट डोस लिहिलेला असतो. 'रुग्ण झोपलाय, राहू दे' म्हणून परिचारिकेने स्वतःच्या मनाने डोस टाळला तर पहाटे काय होईल, हे वरच्या गणितावरून सांगता येते.

घट्ट बसलेले गैरसमज

पहिला गैरसमज व्यसनाचा. येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. काही काळाने तेवढ्याच परिणामासाठी अधिक डोस लागणे, याला सहिष्णुता म्हणतात. औषध एकदम बंद केल्यास शरीराला त्रास होणे, हे शारीरिक अवलंबन. स्टेरॉइड्सही एकाएकी थांबवता येत नाहीत, पण त्यांना कोणी व्यसन म्हणत नाही. हानी होत असूनही औषधाची अनिवार ओढ लागणे आणि त्यापायी वागणे बदलणे, हे व्यसन. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत हा धोका थोडा असतो. तो शून्य नसतो, म्हणून नोंदी ठेवायच्या, पण त्या भीतीने औषध अडवायचे नाही. असा रुग्ण पुन्हा पुन्हा औषध मागत असेल तर डोस अपुरा पडतो आहे का, हे प्रथम पाहावे.

दुसरा गैरसमज असा की मॉर्फिनने श्वास थांबतो. डोस फार मोठा झाला तर ते खरे आहे. पण लहान डोसाने सुरुवात करून तो हळूहळू वाढवला तर हा धोका फारच कमी असतो. श्वास मंदावण्याआधी बहुधा अतिशय गुंगी येते. म्हणून गुंगीवर लक्ष ठेवायचे आणि मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णाच्या बाबतीत अधिक सावध राहायचे, कारण औषधाचे अवशेष त्याच्या शरीरात साठतात. गंमत अशी की योग्य डोसातील मॉर्फिन धाप लागलेल्या रुग्णाचा जीव घाबरा होणे कमी करते. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेण्यानेही धाप हलकी वाटते, हे प्रयोगांनी दिसले आहे.

मॉर्फिनचा जो त्रास हमखास होतो, तो मात्र विसरला जातो. तेच ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात. त्यामुळे आतडे मंदावते आणि बद्धकोष्ठ होते. गुंगी व मळमळ काही दिवसांत ओसरतात, हे मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासूनच रेचक सुरू करावे लागते. मॉर्फिन लिहिले आहे आणि रेचक लिहिलेले नाही, हे केसपेपरवर ज्या विद्यार्थिनीच्या नजरेस आले, तिला विषय समजला असे खुशाल मानावे.

तिसरा गैरसमज म्हणजे ही शुश्रूषा फक्त शेवटच्या आठवड्याची आणि फक्त कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार तिची गरज असलेल्या प्रौढांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे रुग्ण ३८.५ टक्के आहेत, तर कर्करोगाचे ३४ टक्के. जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज भासते आणि साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते. वेळेबद्दल बोलायचे तर अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहावा. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, तर दुसऱ्याला निदान होताच त्यांच्या जोडीला उपशामक शुश्रूषाही दिली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य झाले, मनाची उदासी कमी राहिली. त्यांच्या आयुर्मानाचा मध्यांक ११.६ महिने होता, तर पहिल्या गटाचा ८.९ महिने.

चौथा गैरसमज या शुश्रूषेची दयामरणाशी गल्लत करण्याचा. उपशामक शुश्रूषा मरण जवळ ओढत नाही आणि लांबवतही नाही. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २०१५ सालापर्यंत जवळपास बेशुद्धावस्थेत होत्या. २०११ साली त्यांच्या संदर्भातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाची चर्चा देशभर झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली. त्या रुग्णालयातील परिचारिकांनी, पिढ्या बदलत गेल्या तरी, चार दशके त्यांची शुश्रूषा केली. कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, भरवणे, तोंड साफ करणे ही कामे साधी दिसतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत ती चुकली की काही दिवसांतच पाठीला जखमा होतात.

दुर्गंधीचे रसायन आणि घरातली जागा

तंबाखू व गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे बराच आढळतो. त्याची जखम गालावर फुटली की घाण वास सुटतो. मग रुग्णाचे अंथरूण गॅलरीत किंवा मागच्या खोलीत जाते. त्याचे ताट वेगळे होते, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. रुग्ण जेवत नाही, बोलत नाही. "मला आता कशाला ठेवलंय?" म्हणतो. येथे एकट्या वेदनाशामकाने भागत नाही.

हा वास येतो कोठून? जखमेतील मृत मांसात प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू वाढतात आणि प्रथिनांचे विघटन करून उग्र वासाची द्रव्ये तयार करतात. मेट्रोनिडॅझोल हे स्वस्त औषध नेमक्या याच जिवाणूंना मारते. जखम स्वच्छ करून त्याच्या गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर लावली तर काही दिवसांत वास पुष्कळ कमी होतो. गाठ आहे तेवढीच राहते, पण अंथरूण पुन्हा बाहेरच्या खोलीत येऊ शकते. सिसिली साँडर्स यांची 'समग्र वेदना' समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. काही रुपयांच्या गोळीने एका माणसाला त्याच्या घरातली जागा परत मिळते. ही युक्ती ठाऊक असणारी सिस्टर घरी आली तरच हे घडते.

माहिती मोजायची कशी?

विद्यार्थ्यांना काय ठाऊक आहे हे पाहण्यासाठी कॅनडातील संशोधकांनी १९९६ साली परिचारिकांसाठी २० विधानांची एक चाचणी तयार केली. प्रत्येक विधानापुढे 'बरोबर', 'चूक' व 'माहीत नाही' असे तीन पर्याय असतात. ती जगभर वापरली जाते. तिसरा पर्याय कशाला, असे वाटेल. तो नसता आणि सर्व उत्तरे नाणे उडवून दिली असती, तरी सरासरी १० गुण मिळाले असते. एवढेच नव्हे, तर २० पैकी १२ किंवा अधिक गुण निव्वळ नाणेफेकीने मिळण्याची शक्यता चारांत एक आहे. १५ किंवा अधिक मिळण्याची शक्यता मात्र पन्नासांत एक एवढीच. 'माहीत नाही' म्हणण्याची मोकळीक दिली की अज्ञान आणि चुकीचे ज्ञान वेगळे दिसू लागतात. अज्ञान असलेली विद्यार्थिनी कोणाला तरी विचारते. चुकीचे ज्ञान असलेली विचारत नाही, म्हणून रुग्णाच्या दृष्टीने ती अधिक धोक्याची.

कर्नाटकातील उडुपी येथे नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमाच्या ८३ विद्यार्थ्यांची अशीच एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. 'पॅलिएटिव्ह केअर' हा शब्द माहीत असणारे निम्म्याहून कमी होते. सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांचे ज्ञान अपुरे ठरले. पण अशा रुग्णांची शुश्रूषा करण्याविषयी ९० टक्क्यांहून अधिक जणांची मनोवृत्ती अनुकूल होती. हे निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. मुलांच्या मनात कणव भरपूर आहे, तिला ज्ञानाची जोड मिळालेली नाही.

अशा पाहण्या वाचताना शिक्षकांनी एक खबरदारी घ्यावी. अनेकदा व्याख्यानाआधी चाचणी घेतात, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा देतात आणि गुण वाढले की शिकवणे यशस्वी झाले असे म्हणतात. पण प्रश्न आठवत असल्यानेही गुण वाढतात. व्याख्यान न ऐकलेला, तुलनेसाठी घेतलेला गट हवा. सहा महिन्यांनंतरची चाचणी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदावरची जाण खाटेपाशी उतरली का, ते पाहायला हवे. त्या वॉर्डात किती रुग्णांच्या वेदनेची नोंद दर पाळीला झाली? मॉर्फिन घेणाऱ्या किती जणांना रेचक मिळाले? रात्रीचे किती डोस चुकले? या आकड्यांना पाठांतराने फसवता येत नाही.

वेदनेची नोंद अवघड नाही. शून्य म्हणजे दुखणे नाही, दहा म्हणजे असह्य. आता किती, एवढेच विचारायचे. आकडा समजत नसेल तर एखाद्या आजीला 'रुपयातले किती आणे दुखतेय?' असे विचारता येईल. 'सोळा आणे' हे उत्तर लिहून ठेवले की औषधानंतर ते चार आणे झाले का, हे कळते. शुश्रूषा म्हणजे ऐकणे, ते या अर्थाने.

अभ्यासक्रमात आले, आता पुढे?

देशात उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ साली आखला गेला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही तिचा समावेश आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा बी. एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला. त्यात प्रौढांच्या परिचर्येबरोबर उपशामक शुश्रूषेचा स्वतंत्र भाग घातला आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण युगांडात २००४ सालापासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका तोंडाने घ्यायचे मॉर्फिन स्वतः लिहून देऊ शकतात. आपल्याकडे तो अधिकार डॉक्टरांचाच आहे. तेव्हा आपल्या परिचारिकेचे ज्ञान दोन जागी उपयोगी पडते : रुग्णाला त्रास होतो आहे हे डॉक्टरांना आकड्यानिशी सांगण्यात, आणि लिहिलेले औषध वेळेवर व निर्धास्तपणे देण्यात. तिने फोनवर "पेशंट रडतोय" म्हणणे आणि "दुपारी तीन होते, आता आठ आहेत, शेवटचा डोस दहाला दिला," असे म्हणणे यांत पुष्कळ अंतर आहे. दुसरे वाक्य ऐकून डॉक्टरांना निर्णय घेता येतो.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. बारावीनंतर आपल्या वर्गातल्या काही मुली व मुले ए. एन. एम., जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. नर्सिंगला जाणार आहेत. उरलेल्यांच्या घरीही कधीतरी आजोबांचे अंथरूण पडणारच आहे. अर्धायुष्य शिकवताना किरणोत्साराबरोबर औषधाचे उदाहरण घेता येईल. भूमिती श्रेढी शिकवताना वरचे गणित देता येईल, एक डोस चुकवून आलेख काढायला सांगता येईल. संभाव्यता शिकवताना वीस नाणी उडवून 'अडाणी विद्यार्थ्याचे' गुण मोजता येतील. विनॉक्सी जिवाणूंच्या पाठात दुर्गंधीचे रसायन येईल. यासाठी वेगळा तास लागत नाही.

असे शिकलेला विद्यार्थी उद्या रावेतच्या एखाद्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असेल आणि त्याच्या वडिलांबद्दल कोणी "आता काही करता येणार नाही" म्हणाले, तर तो निदान एक प्रश्न विचारील : "आजार बरा होणार नाही हे समजले. पण त्यांचे दुखणे, धाप आणि झोप यांसाठी काय करता येईल?" समोर उभ्या असलेल्या परिचारिकेला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.